पायांत लेहरा, हातांत गाणं: मॅक्स रोचचा 'ड्रम्स अनलिमिटेड'

तबल्याचं एकलवादन ऐकायला बसलं की शेजारी संवादिनीवर लेहरा धरणाऱ्याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. तो बिचारा एकाच आवर्तनाची चाल तासभर फिरवत राहतो. कायदे, पलटे, रेले कितीही लांबवर गेले तरी सम कुठे आहे हे त्याच्यामुळेच कळतं, वाजवणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. आता त्या लेहरेवाल्याला उठवा आणि त्याचं काम तबलजीच्याच पायांवर टाका. अमेरिकन जॅझ ड्रमर मॅक्स रोचच्या 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' या साडेतीनेक मिनिटांच्या सोलोत हेच चाललेलं आहे. डावा-उजवा पाय मिळून तीन मात्रांचा ठेका धरतात आणि तो सोडत नाहीत. हात त्यावर बोलतात.

हा सोलो 'ड्रम्स अनलिमिटेड' या अल्बमची सुरुवात करतो. अटलांटिक रेकॉर्ड्सने १९६६ मध्ये तो काढला. ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६५ आणि एप्रिल १९६६ मधलं, न्यूयॉर्कचं. एकूण सहा ट्रॅक. त्यांतले तीन बँडचे आणि तीन एकट्या ड्रमसेटचे, ते एकाआड एक लावलेले. पहिल्या बाजूला वॉल्ट्झ, मग 'नोमो', मग अल्बमच्याच नावाचा सोलो. दुसऱ्या बाजूला 'सेंट लुईस ब्लूज', 'फॉर बिग सिड' आणि शेवटी 'इन द रेड'. ड्रमरने लीडर म्हणून काढलेला अल्बम म्हटलं की चाळीस मिनिटं धडाधड ऐकावं लागणार, अशी धास्ती असते. इथे तिन्ही सोलो मिळून जेमतेम अकरा मिनिटं भरतात, उरलेला अर्धा तास पाच-सहा जणांचा बँड वाजवतो.

बँडही साधासुधा नाही. ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, ऑल्टो सॅक्सोफोनवर जेम्स स्पॉल्डिंग, दोघंही इंडियानापोलिसचे. पियानोवर रॉनी मॅथ्यूज. बास या तंतुवाद्यावर जिमी मेरिट, म्हणजे आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्समध्ये काही वर्षं काढलेला माणूस. दुसऱ्या एका मोठ्या ड्रमर-लीडरच्या हाताखालून आलेला. 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये रोलंड अलेक्झांडरचा सोप्रानो सॅक्सोफोन जोडीला येतो.

रोच तेव्हा बेचाळिशीत होता. १९२४ चा जन्म नॉर्थ कॅरोलायनातला, वाढला ब्रुकलिनमध्ये. १९४५ मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर 'को-को' वाजवलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आधी केनी क्लार्क या ड्रमरने लय धरण्याचं मुख्य काम बास ड्रमवरून, म्हणजे उजव्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवरून, काढून राइड सिंबलवर, म्हणजे उजव्या हाताच्या मोठ्या थाळीवर, नेलं होतं. त्यामुळे उजवा पाय आणि डावा हात मोकळे झाले, आणि त्या मोकळ्या अवयवांचं काय काय करता येतं हे रोचने पुढच्या वीस वर्षांत दाखवलं. १९५४ ते १९५६ ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबरचं क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा बँड. जून १९५६ मध्ये ब्राउन आणि पियानोवाला रिची पॉवेल मोटार अपघातात गेले. १९६० मध्ये 'वी इन्सिस्ट!', कृष्णवर्णीयांच्या हक्कांवरचा अल्बम. ड्रमवर बसलेला माणूस बँडचा आवाज आणि विषय, दोन्ही ठरवू शकतो हे तोवर त्याने सिद्ध केलेलं होतं.

तीन मात्रांचंही तसंच. जॅझ तोवर मुख्यतः चाराच्या चालीत चाले आणि वॉल्ट्झ म्हणजे बॉलरूममधली गोष्ट. १९५६ मध्ये सॉनी रोलिन्सच्या 'वॉल्स हॉट'मध्ये ड्रमवर रोच होता, आणि पुढच्या वर्षी त्याने 'जॅझ इन थ्री-फोर टाइम' हा अख्खा अल्बमच तीनात केला. एकट्या ड्रमचे सोलोही नवे नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या बेबी डॉड्सने १९४६ मध्ये असे सोलो रेकॉर्डवर आणले होते आणि १९५८ च्या 'डीड्स, नॉट वर्ड्स'मध्ये रोचचा स्वतःचा 'कॉन्व्हर्सेशन' आहे. तेव्हा १९६६ च्या या अल्बममध्ये पहिल्यांदा घडलेलं असं काही शोधू नका. मोल आहे ते बांधणीचं. हे तिन्ही सोलो म्हणजे कोणाच्या तरी गाण्यात ड्रमरला दिलेली मोकळी जागा नाही. प्रत्येकाला नाव आहे, रचनाकार म्हणून रोचचं नाव आहे, आणि चाल ओळखू येते. दुसरा कोणी वाजवायला बसला तर 'मॅक्स रोचसारखं वाजवतोय' असं म्हणून भागत नाही. 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस' वाजवतोय, असंच म्हणावं लागतं. इंग्लंडच्या बिल ब्रुफर्डने १९८५ मध्ये पॅट्रिक मोराझबरोबरच्या 'फ्लॅग्स' या अल्बमवर तो घेतलाच, रोचच्या नावासकट.

ऐकण्याआधी एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. या ठेक्यातली पहिली मात्रा बास ड्रमवर आहे, दुसरी-तिसरी हाय-हॅटवर, म्हणजे डाव्या पायाने एकमेकींवर आपटायच्या थाळ्यांवर. एवढ्याशा स्पीकरला खालचा स्वर झेपत नाही, म्हणून बास ड्रम जवळजवळ गळतो आणि कानावर येतं ते फक्त 'छिक् छिक्, छिक् छिक्'. मग माणूस ते दोनात मोजायला लागतो आणि हात काय म्हणतात ते काहीच लागत नाही. साधे इअरफोनही चालतील, पण बास ड्रम ऐकू आला पाहिजे.

सुरुवात एकट्या पायांनीच होते.

धूं छिक् छिक् | धूं छिक् छिक् |

मग हात येतात, एक छोटं वाक्य म्हणतात आणि थांबतात. त्या थांबण्यात पाय पुन्हा उघडे पडतात. पुढचं वाक्य पहिल्याला उत्तर असतं, किंवा तेच थोडं वाकवलेलं. ज्याने कायद्याचे पलटे ऐकलेत त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल: मूळ बोल थोडेच, पण त्यांची जागा, क्रम, वजन बदलत राहायचं. फरक असा की रोच घाईने पुढच्या पलट्यावर जात नाही. दोन वाक्यांमध्ये तो जेवढा वेळ सोडतो, तेवढा सोडायचं धैर्य फार थोड्या ड्रमरकडे असतं. आणि तो सोडू शकतो, कारण पायांतला लेहरा ती जागा रिकामी पडू देत नाही.

'ड्रम्स अनलिमिटेड' या मधल्या सोलोत हा आधार काढून घेतलेला आहे. पायात ठरलेला ठेका नाही, बास ड्रम हातांच्याच ओळीत एखाद्या अक्षरासारखा येतो. इथे लय मनात धरावी लागते. पहिल्यांदा ऐकताना सुटल्यासारखं वाटलं तर मोजायच्या भानगडीत पडू नका. कोणता तुकडा परत येतो तेवढं बघा. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना तुकडे आपोआप वेगळे दिसायला लागतात.

'फॉर बिग सिड' हा सिडनी कॅटलेटला केलेला नमस्कार. कॅटलेट (१९१०-१९५१) हा स्विंगच्या, म्हणजे पार्करच्या आधीच्या पिढीच्या, काळातला ड्रमर. लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला आणि १९४५ मध्ये डिझी गिलेस्पी-पार्करच्या 'सॉल्ट पीनट्स'वरही ड्रमला बसलेला. दोन पिढ्यांना एकदम चालणारे फार थोडे होते, त्यांतला हा. सोलोचा पाया आहे 'मॉप मॉप' ही त्याच्या नावाशी जोडलेली चाल. तिची खूण म्हणजे नावातच असलेले ते दोन ठसठशीत ठोके. बत्तीस बारची, म्हणजे मात्रांच्या बत्तीस गटांची, रचना: मुखडा, पुन्हा मुखडा, अंतरा, मुखडा, प्रत्येक भाग आठ बारचा. एका बारला चार मात्रा, म्हणजे पूर्ण फेरी १२८ मात्रांची. तिन्हींपैकी कोणता सोलो नवशिक्याने आधी मोजायला घ्यावा असं विचाराल तर हा. ते दोन ठोके मैलाच्या दगडासारखे उभे असतात, चुकलात तरी पुढच्या ठोक्यांना परत धरता येतं.

बँडच्या ट्रॅकपैकी 'नोमो' जिमी मेरिटची रचना. नाव मालीतल्या डोगोन लोकांच्या आदिपुरुषांचं. बासची एकच आकृती फिरत राहते आणि बाकी सगळं त्यावर उभं राहतं. वॉल्ट्झनंतर लगेच 'नोमो' का लावलंय, हे इथे लक्षात येतं: आधी जे काम ड्रमरच्या पायांनी केलं, तेच आता बास करतो. आता रोचचे पाय मोकळे झालेत, ते काय करतात याकडे कान ठेवा. लीडर म्हणून त्याने केलेली सगळ्यांत हुशार गोष्ट मला ही मांडणीच वाटते. 'सेंट लुईस ब्लूज' डब्ल्यू. सी. हँडीने १९१४ मध्ये छापलेलं गाणं. मुळात त्यात बारा बारच्या ब्लूजमध्ये सोळा बारचा हबानेरा या क्यूबन नाचाच्या ठेक्याचा तुकडा खोचलेला आहे. 'इन द रेड' बारा मिनिटांचं, संथ. ते रात्री ऐकावं, गाडी चालवताना नको. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

आता ज्यांच्या घरी किंवा क्लासमध्ये ड्रमसेट आहे त्यांच्यासाठी. वॉल्ट्झचा हा ठेका कागदावर हास्यास्पद सोपा दिसतो आणि बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत घाम काढतो.

आधी जमीन. आपल्याकडे फरशी गुळगुळीत असते आणि बास ड्रम मारला की पुढे सरकतो. पाय ताणून पेडलपर्यंत पोचवायला लागला की ठेका ढिला पडणारच. मागे रबर असलेली चटई किंवा जाड सतरंजी घाला, स्टूलही त्याच चटईवर ठेवा. म्हणजे तुमच्या वजनाने चटई दबून राहते. बास ड्रमचे पुढचे पाय एवढे काढा की पुढची कड जमिनीपासून बोटभर उचललेली राहील. स्टूलची उंची अशी की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती. गुडघा कमरेच्या वर गेला तर डावा पाय दहा मिनिटांत भरून येतो.

हाय-हॅट म्हणजे शेवटी टाळच. दोन थाळ्या एकमेकींवर आपटायच्या. दिंडीत टाळ वाजवणाऱ्याला जे ठाऊक असतं तेच इथे: दोन्ही थाळ्या तंतोतंत सपाट जुळल्या तर मधली हवा अडकते आणि 'छिक्'ऐवजी 'फुस्' येतं. म्हणून खालच्या थाळीच्या बैठकीखाली एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून खालची थाळी जराशी कलती करायची. मधलं अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. जास्त ठेवलं तर तिसऱ्या मात्रेला पाय वेळेत पोचत नाही, कमी ठेवलं तर आवाजात धार येत नाही.

अडचण या तिसऱ्या मात्रेचीच आहे. दुसरीला पाय दाबला, लगेच उचलून तिसरीला पुन्हा दाबायचा. बहुतेकांचा दुसरा 'छिक्' पहिल्यापेक्षा बारीक येतो किंवा उशिरा येतो. कारण दाबण्याकडे लक्ष असतं, उचलण्याकडे नसतं. टाच खाली टेकवून, नुसत्या घोट्याने, सावकाश करा. मेट्रोनोम ८० वर. उचलणंही लयीत मोजा: 'दोन-आणि-तीन'मधल्या 'आणि'ला थाळ्या उघडल्या पाहिजेत. तिसरीनंतर मात्र पाय पुढच्या पहिल्या मात्रेभर दाबूनच ठेवायचा आणि दुसरीच्या आधीच्या 'आणि'ला उचलायचा. तिसरीनंतर लगेच सोडला तर पहिल्या मात्रेवर थाळ्या नुसत्या हलत, कुजबुजत राहतात आणि बास ड्रमचा ठोका मळका वाटतो.

बास ड्रममध्ये उशी कोंबायची सवय या तुकड्यापुरती सोडा. जॅझचा बास ड्रम लहान असतो, १८ किंवा २० इंची, दोन्ही बाजूंना हेड आणि आत काहीही नाही. फारच गुंजत असेल तर मागच्या हेडखाली फेल्टची एक पट्टी आडवी घाला, तेवढं पुरे. बीटर हेडवर दाबून धरायचा नाही. मारला की सुटला पाहिजे, नाहीतर 'धूं'चा 'धप्' होतो. बाया दाबून धरला की घुमत नाही, तेच इथे. आणि जोर? हातांच्या निम्मा. लेहरा तबल्यापेक्षा मोठा वाजला तर जे होतं तेच बास ड्रम मोठा झाला की होतं.

टॉमचं ट्यूनिंग चढं ठेवा. रोचच्या ड्रमचा आवाज रॉकच्या मानाने फार वर आहे, आणि त्याला कारण आहे: खालच्या आवाजाला घुमायला वेळ लागतो, तोवर पुढचा ठोका येतो आणि वाक्य गढूळ होतं. छोटा टॉम आणि फ्लोअर टॉम यांच्यात सा-मपेक्षा कमी अंतर ठेवू नका, सा-प ठेवलं तर आणखी बरं. स्नेअरची खालची तार सोडवली की तिसरा स्वर मिळतो. ड्रम-की (बोल्टची चावी) फिरवताना एका वेळी पाव आटा, समोरासमोरच्या बोल्टांना आळीपाळीने. मग प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टिचकी मारून सगळीकडचा आवाज सारखा करा. एक बोल्ट जरी ढिला राहिला तरी ड्रम दोन स्वरांत रडतो. हे तबला जुळवण्यापेक्षा सोपं आहे, पण तेवढाच वेळ मागतं.

मग पाय. फक्त पाय, पाच मिनिटं, घड्याळ लावून. आधी मेट्रोनोमचा ठोका तिन्ही मात्रांना. मग मेट्रोनोम ८० वरून ४० वर आणा, आणि पाय थोडे वाढवून १२० च्या लयीत घ्या, म्हणजे ठोका फक्त पहिल्या मात्रेला पडेल. ते जमलं की तोच ठोका तिसऱ्या मात्रेवर कल्पून वाजवा. इथे जवळपास प्रत्येक जण घसरतो. दोन-चार बारमध्ये मेट्रोनोम पुन्हा 'एक' वाटायला लागतो. घसरलात की थांबा, तोंडाने 'एक दोन तीन' म्हणत परत शिरा.

हात आणायचे ते एकेक ठोक्याने. स्नेअरवर फक्त पहिल्या मात्रेला, आठ बार. मग फक्त दुसरीला, आठ बार. मग तिसरीला. मग प्रत्येक दोन मात्रांच्या मधोमध. दुसऱ्या मात्रेला हात मारताना बास ड्रमही त्याच्याबरोबर उडी मारतो, असं हमखास होतं. उजवा हात आणि उजवा पाय यांची वर्षानुवर्षांची मैत्री असते, ती तोडायला वेळ लागतो. मग एका मात्रेत दोन, तीन, चार ठोके. दोनावरून तीनावर जाताना पाय पळतात, तीनावरून दोनावर येताना रेंगाळतात. हे स्वतःला कळत नाही. फोनवर रेकॉर्ड करून, मोबाइलच्या स्पीकरवरच ऐका. त्या वेळी बास ड्रम गळतो ते उलट उपयोगाचं, हाय-हॅटची चूक उघडी दिसते.

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत गोड गोष्ट म्हणजे तीन मात्रांत चार सारखे ठोके. हे ऐकून करायला गेलं की अंदाजपंचे होतं. तोंडाने म्हणून करा. 'तकधिमि तकधिमि तकधिमि' म्हणा. ही झाली बारा अक्षरं, एक बार. तिन्ही 'त' पायांचे: पहिल्यावर बास ड्रम, उरलेल्या दोनांवर हाय-हॅट. हात दर तिसऱ्या अक्षरावर: पहिला 'त', मग पहिल्या गटातला 'मि', दुसऱ्या गटातला 'धि', तिसऱ्या गटातला 'क'.

तकधिमि तकधिमि तकधिमि

हातांची अक्षरं कंसात: (त)कधि(मि) तक(धि)मि त(क)धिमि. आता नीट बघा. हाताचा दुसरा ठोका हाय-हॅटच्या लगेच आधी पडतो. तिसरा दोन हाय-हॅटच्या बरोबर मधोमध. चौथा हाय-हॅटच्या लगेच नंतर. चुकतं ते दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला: हात आणि पाय इतके जवळ येतात की ते एकमेकांना चिकटतात आणि 'मि-त'चं 'म्त' होतं. अक्षरं स्पष्ट म्हटली तर चिकटत नाहीत. ६० च्या लयीत दोन आठवडे घ्या, मग वाढवा. दोन ठोके हवे असतील तर याच बारा अक्षरांत पहिला 'त' आणि दुसऱ्या गटातला 'धि', एवढेच. ते त्या मानाने पोरखेळ.

हे बसल्यावर वाक्यं. चार बार म्हणजे बारा मात्रा. एकतालाच्या आवर्तनाएवढा पल्ला, फक्त टाळी-खालीचा हिशोब वेगळा. दोन बार बोला, दोन बार गप्प बसा. गप्प बसण्याचे दोन बार खरोखर मोजा, कारण तिथेच हात वळवळतात आणि एखादा भरणीचा ठोका निसटतो. पुढच्या फेरीत तेच वाक्य एका मात्रेने पुढे सुरू करा. मग शेवटचा ठोका काढून टाका. मग तेच स्नेअरवरून टॉमवर न्या. एवढ्यावर आठ-दहा फेऱ्या सहज निघतात, नवीन काही सुचायची गरज पडत नाही.

पाय बसलेत की नाही याची परीक्षा वेग वाढवून घेऊ नका. ठेका चालू ठेवा आणि समोर बसलेल्या कोणाला तरी आजच्या भाजीची यादी भावासकट सांगा. 'कोथिंबीर वीस'ला तिसरी मात्रा गळाली, तर उद्या पुन्हा नुसते पाय, पाच मिनिटं.